न वाकणाऱ्या घराण्याची पाठ

नाही, म्हणजे पाठ दुखते असं चारचौघांत म्हणायची सोयच राहिली नाही हो बडोद्यात! डोकं दुखतं म्हणा, लोक गप्प बसतात. पोट दुखतं म्हणा, कुणीतरी हिंगाची डबी पुढे करतं आणि विषय संपतो. पण पाठ? पाठ म्हटलं की समोरचा आधी तुम्हाला खांद्याला धरून गर्रकन फिरवतो! "कुठे, इथे?" असं विचारतो आणि तुम्ही हो म्हणायच्या आत मूठ वळून एक ठेवून देतो. तुम्ही "आई गं" केलंत की खूश. "बघा, बरोब्बर सापडलं!" अरे, सापडायला ते हरवलं कधी होतं?

आता धनाजीरावांचंच घ्या. राहायला तरसालीला, नोकरीला मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात, फाटकावर सिक्युरिटीचे मुख्य. वय त्रेचाळीस, मिशी त्याहून वडील वाटावी अशी. देश नुकताच उघडला होता तेव्हाची गोष्ट, घरोघरी केबल आली होती, नाक्यावर फोनचे पिवळे बूथ उगवले होते, आणि खाजगी सिक्युरिटीवाल्यांनी असे काही गणवेश शिवून घेतले होते म्हणता, की खऱ्या सैन्यातल्या जनरलने बघितलं तर त्यानेच आधी सलाम ठोकावा! खांद्यावर सोनेरी झुपके, छातीवर दोरी, हातात पांढरे मोजे, डोक्यावर तुरा. धनाजीराव त्या वेषात फाटकावर उभे राहिले की ट्रकवाले आपोआप बिडी विझवायचे. पणजोबा संस्थानच्या पागेत होते ना, रक्तातच उभं राहणं! पण त्या ऐटीच्या आत, तुम्हाला सांगतो, त्या झुपक्यांच्या आत... दुखत होतं. आणि दुखायचं कुठे? दोन खांद्यांच्या मधोमध! जिथे आपला हात पोचत नाही आणि दुसऱ्याचा अचूक पोचतो!

शेजारच्या मगनकाकांनी ऐकलं, म्हणाले, "गॅस छे." अहो, पाठीत गॅस? "तो क्यां जाय बिचारो? फरे छे!" वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, उशी बदला. खालच्या मजल्यावरचे म्हणाले, उशी काढा. एकाने स्कूटरला दोष दिला, एकाने पंख्याला, एकाने नव्याने घेतलेल्या रंगीत टीव्हीला. छाणी गावच्या एका वैद्यबुवांनी काळी पूड दिली. ती घेऊन धनाजीराव तीन आठवडे असे टुणटुणीत झाले, की जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायला लागले. चौथ्या आठवड्यात पूड संपली आणि चढलेला माणूस उतरेना! मग इंदिराबाईंनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींनी, गादी काढली, लाकडी फळी टाकली आणि हुकूम सोडला, "अहो, दोन दिवस हलायचं नाही. संपूर्ण विश्रांती." पडले बिचारे. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई चहा घेऊन आल्या तर फळी कुठे संपते आणि नवरा कुठे सुरू होतो, कळेना. उचलायला गेल्या तर दोन्ही एकदम उठले! गंमत म्हणजे तास-दीड तास अंगणात फेऱ्या मारल्या की पुन्हा बरं वाटायचं. पडलं की दुखतं, हिंडलं की राहतं. असलं उफराटं दुखणं कुणी ऐकलंय? आणि कुठे, तर दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे आपला हात पोचत नाही!

हे असं चाललं असतं हो चार-दोन वर्षं. कुणाचं नाही चालत? पण मध्येच उपटले जपानी!

झालं काय, की कारखान्याच्या शेठजींनी जपानच्या एका कंपनीशी भागीदारी ठरवली. तिकडचे मोठे साहेब पाहणीला येणार, पसंत पडलं तर सही करणार. झालं! फॅक्टरीला रंग, झाडांना गेरू, भिंतीवर कमळं. आणि पर्सोनेल मॅनेजर हार्दिकभाईंनी कुठूनशी एक व्हिडिओ कॅसेट आणली आणि अख्ख्या स्टाफला कँटीनमध्ये बसवून वाकायचं शिकवायला घेतलं. कारण जपानी माणूस हात मिळवत नाही, वाकतो! "जुओ," हार्दिकभाई सुताराचा गुण्या हातात घेऊन सांगत होते, "नियम एकदम सिंपल छे. जो जितका छोटा, तो तितका जास्ती वाकणार. मोटा माणस थोडा वाकणार. आणि पाहुणा सरळ होईपर्यंत कोणी डोकं वर करायचं नाही. समजे?" मग त्यांनी गुण्या लावून प्रत्येकाचं माप काढलं. शेठजींना पंधरा अंश, मॅनेजरांना तीस, क्लार्क लोकांना पंचेचाळीस. आणि सिक्युरिटी? सिक्युरिटीने काटकोन करायचा!

धनाजीरावांनी दीर्घ श्वास घेतला, निम्माच आत गेला कारण छातीही फुगेनाशी झाली होती, आणि वाकायला गेले. तुम्हाला सांगतो, मान नाही, पाठ नाही, काही नाही. फक्त तुरा हलला!

"धनाजीभाई, नमो ने!"

"नमतोय."

"क्यां नमो छो? हे तर तुम्ही वरती बघताय!"

आता इथे दुसराच घोळ. धनाजीरावांचं घराणं बडोद्यात प्रसिद्ध कशासाठी? तर न वाकण्यासाठी! पणजोबा प्रतापसिंहराव, भर समारंभात एका गोऱ्या साहेबापुढे सगळे कमरेत वाकले, हा गडी ताठ उभा! काठीसारखा! साहेब बघत राहिला, पण ते नाही म्हणजे नाही वाकले. चार पिढ्या त्या एका न वाकण्यावर जगल्या हो. लग्नं त्यावर जमली, पंगतीत पहिलं पान त्यावर मिळालं. त्यामुळे आमचा हा हीरो कँटीनमध्ये वाकला नाही, तेव्हा हार्दिकभाईंना वाटलं, हे घराण्याचं नाटक आहे. ते चिडले. म्हणाले, "जुओ धनाजीभाई, तुमचा पणजोबा मोटा माणस, मान्य. पण एक तर वाका, नहीं तो डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा की वाकता येत नथी. दोनमांथी एके नहीं, तो सोमवारपासून डभोईच्या गोडाऊनवर. तिथे कापसाच्या गाठी राखा. गाठीसमोर वाकायची जरूर नथी."

डभोई! झुपके जाणार, तुरा जाणार, सलाम जाणार, आणि गणवेशाच्या जागी खाकी बनियन! धनाजीरावांच्या पाठीतून एक कळ गेली. कुठून? सांगायला पाहिजे का? तिथूनच! दोन खांद्यांच्या मधोमध!

गेले मग डॉक्टरांकडे. रावपुऱ्यात मितालीबेन नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई नुकत्याच दवाखाना थाटून बसल्या होत्या, सांध्यांच्या दुखण्यातल्या तज्ज्ञ. मराठी शेजाऱ्यांत वाढलेल्या, त्यामुळे मराठी फर्डं, फक्त मध्येमध्ये गुजराती डोकावायचं. त्यांनी बोटाने एकेक मणका चाचपला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी ठोसा मारला नाही! धनाजीरावांना तिथेच अर्धं बरं वाटलं.

"काका, असं बघा. आपल्या शरीरात एक लष्कर असतं. बाहेरचे जंतू आले की लढायचं, हे त्याचं काम. तुमचं लष्कर चुकून तुमच्याच किल्ल्यावर तोफा डागतंय. पाठीच्या कण्यावर, बरगड्यांच्या सांध्यांवर."

धनाजीराव ताडकन उठायला गेले, म्हणजे हळूहळूच उठले, पण चेहऱ्यावर ताडकन होतं. "कुणाचं लष्कर? आमचं? बेन, चार पिढ्या इमानाने चाकरी केली आहे! आमच्यात फितुरी नाही!"

"फितुरी नथी काका, गैरसमज छे. बसा."

"गैरसमज असेल तर एक खलिता पाठवून मिटवता येईल..."

"गोळी पाठवू आपण. बसा ना." मग त्यांनी समजावून सांगितलं, की अशा रोगात पाठ वरच्या बाजूला दुखली तर कारणं एक नाहीत, अनेक असू शकतात. सांध्यांना सूज असेल, ती विश्रांतीने वाढते आणि हालचालीने कमी होते, म्हणून फळीवर तुमचा ओंडका झाला. किंवा त्या वैद्यबुवांच्या पुडीत कुणी स्टिरॉइड घातलं असेल तर हाडं विरळ होऊन एखाद्या मणक्याला बारीक चीर गेली असेल, ते एक्स-रेत बघू. किंवा नुसते स्नायू आखडले असतील. "आणि काका, कधी कधी रोग एकीकडे शांत बसलेला असतो आणि पाठ आपली साध्या कारणाने दुखते. ज्याला असा रोग आहे त्याचं सगळंच रोगाच्या नावावर टाकायचं नाही, आणि सगळं गॅसच्या नावावर पण नाही."

"मगनकाकांना हे लिहून द्याल?"

"पहिला तुमचं लिहिते. घरात आणखी कुणाची पाठ अशी कडक होती?"

आता हा प्रश्न कुणाला विचारावा? धनाजीरावांना? अहो, माणूस फुलला! म्हणाला, "कडक? उद्या दाखवतो." आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले ते पणजोबांचा काचेच्या चौकटीतला फोटो धोतरात गुंडाळून घेऊन! टेबलावर उभा केला. शेजारी इंदिराबाई. आणि सुरू केली घराण्याची कीर्ती.

"हे प्रतापसिंहराव. आयुष्यात मान वाकवली नाही."

बेननी फोटो दिव्याजवळ धरला. "वळवता यायची?"

"छे! इतका रुबाब, की मागे बघायचं झालं तर मान वळवायचे नाहीत, अख्खा घोडा वळवायचे!"

बेननी वहीत एक खूण केली.

"अंथरुणाला पाठ लावून झोपले नाहीत. शिपाईगडी! पहाटे चारला उठून पागेत गस्त घालायचे, दोन-दोन तास."

"उठल्यावर अंग धरलेलं असेल. चाललं की सुटत असेल." दुसरी खूण.

"डोळे कायम लाल. संताप! शत्रू नुसता डोळ्यांनीच भाजून निघायचा. उजेडात तर असे काही बारीक करायचे..."

"या रोगात डोळ्याला सूज येते." तिसरी खूण.

"आणि उजव्या पायाची टाच टेकवायचे नाहीत. चालच तशी, वाघाची."

"टाच पण?" म्हणत बेननी चौथी खूण केली आणि पेन खाली ठेवलं. "काका, तुमचे पणजोबा बिचारे फार आजारी होते."

तुम्हाला सांगतो, धनाजीराव फोटोकडे बघतायत, फोटो धनाजीरावांकडे बघतोय, दोघांनाही मान वळवता येत नाही! शेवटी इंदिराबाईच बोलल्या. "म्हणजे ते गोऱ्या साहेबापुढे वाकले नाहीत, ते..."

"वाकायला गेले असतील हो," बेन हळूच म्हणाल्या. "झालं नसेल."

चार पिढ्यांची इज्जत गेली हो सात मिनिटांत, आणि वर तपासणी फी! पण सर्टिफिकेट मिळालं. "श्री. धनाजीराव यांस वंशपरंपरेने आलेल्या विकारामुळे वाकणे शक्य नाही." गोळ्या मिळाल्या, व्यायामाचा कागद मिळाला. एक्स-रेत चीर नव्हती, तेवढीच देवाची कृपा.

घरी आले तर मोहनराव हजर! मोहनराव म्हणजे चुलतभाऊ, घराण्याच्या कीर्तीचे पहारेकरी. त्यांनी सर्टिफिकेट वाचलं आणि कागद हवेत नाचवला. "धन्या, हे तू कारखान्यात देणार? 'वंशपरंपरेने'? अरे, उद्या माझ्या शलाकाला बघायला येतायत! त्यांना काय सांगू, की आमचे पणजोबा शूर नव्हते, सुजलेले होते?"

"मोहन, माझी नोकरी जाते."

"जाऊ दे! डभोई काय वाईट आहे? किल्ला आहे तिथे! शिपायाला शोभेल!"

"तुम्ही राहता का डभोईला, भावजी?" इंदिराबाई आतून कडाडल्या. "पणजोबा तुमचेही आहेत. चार दिवस गाठी राखून या."

मोहनराव गेले ते दार आपटून. आणि धनाजीराव? कागद खिशात घालून फिरायला लागले. आज देऊ, उद्या देऊ. द्यायला हात खिशाकडे जायचा, पणजोबा आठवायचे, हात परत यायचा. गोळ्यांनी दुखणं थोडं उतरायला लागलं होतं, पण खिशातल्या त्या कागदाचं वजन! तेही नेमकं कुठे जाणवावं? दोन खांद्यांच्या मधोमध, दुसरं कुठे!

आणि सोमवार यायच्या आतच उजाडला जपानी दिवस. धनाजीरावांनी ठरवलं, आता मात्र कागद हार्दिकभाईंच्या हातात द्यायचाच. फाटकाशी सगळे ओळीने उभे, शेठजी मध्ये, हार्दिकभाई त्यांच्या बाजूला, आणि टोकाला आमचे झुपकेवाले. यांनी खिशात हात घातला, "हार्दिकभाई, हे जरा..." म्हणतायत तोवर गाडी आत! अर्धा तास लवकर! जपानीच ते! दार उघडलं, छोटेसे, चष्मेवाले, पांढऱ्या केसांचे साहेब उतरले. आणि हार्दिकभाई ओरडले, "नमो!"

सगळा कारखाना वाकला. पण झालं असं, की भीतीने प्रत्येकजण आपला अंशच विसरला. क्लार्क काटकोनात गेले, त्यांना बघून मॅनेजर त्याहून खाली, आणि शेठजींना वाटलं आपणच मागे पडलो, ते थेट गुडघ्यापर्यंत! उभा कोण? एकटा धनाजीराव! सोनेरी झुपके, तुरा, मिशी, हात खिशात घातलेला, आणि नजर समोर! आता तुम्हीच सांगा, जपानी माणसाने काय समजायचं? त्यांचा नियम काय? मोठा माणूस सगळ्यांत कमी वाकतो. आणि हा तर अजिबात वाकत नाही! म्हणजे हा किती मोठा असेल?

साहेब धनाजीरावांसमोर आले आणि वाकले. यांनी काही हालचाल केली नाही. साहेबांना वाटलं, आपलंच कमी पडलं. आणखी वाकले. तरी नाही! आणखी! चष्मा घसरून नाकाच्या टोकावर आला, त्यांच्या मागचे चार जपानी त्यांच्याहून खाली गेले, आणि गंमत बघा, पाहुणा सरळ झाल्याशिवाय आपल्या लोकांनी उठायचं नाही, आणि समोरचा मोठा माणूस प्रतिसाद देत नाही तोवर पाहुणा उठत नाही! मकरपुऱ्याच्या उन्हात साठ माणसं कमरेत मोडून उभी! खालून शेठजी पुटपुटतायत, "हार्दिक, आ केटलुं चालशे?" हार्दिकभाई त्यांच्या बुटांकडे बघत म्हणतायत, "मने शुं खबर, शेठ? कॅसेटमां आ नहोतुं!"

शेवटी धनाजीरावांच्या पाठीतून अशी काही कळ आली, की हात झटक्यात खिशातून वर उडाला आणि कपाळाला लागला. कडक सलाम! सुटले सगळे! साहेबांनी डोळे पुसले, सोनेरी कागदात गुंडाळलेली भेट दोन्ही हातांनी धनाजीरावांना दिली, आणि गुडघ्याशी वाकलेल्या शेठजींच्या हातात... आपली छत्री आणि बॅग दिली!

संपलं, म्हणाल. हार्दिकभाईंनाही तसंच वाटलं. पण नाही! आत गेल्यावर, हा तर नुसता फाटकावरचा माणूस, हे कळलं तेव्हा साहेब हसले नाहीत की रागावले नाहीत. दुभाष्यामार्फत म्हणाले, "ज्या कारखान्याचं फाटक मालकाच्या पाहुण्यापुढेही वाकत नाही, तिथून माल चोरीला जाणार नाही." आणि केली सही!

शेठजींनी धनाजीरावांना केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, फाफडा मागवला. "धनाजीभाई, डभोई कॅन्सल. आजथी परमनंट. पण एक शर्त. जर्मन आवे, कोरियन आवे, तमारे आमज ऊभुं रहेवानुं. नमवानुं नहीं!" तेवढ्यात हार्दिकभाईंनी, सलामाच्या झटक्यात धनाजीरावांच्या खिशातून पडलेलं सर्टिफिकेट वाचून सांगितलं, की शेठ, हे दुखणं आहे, इलाज सुरू आहे, हळूहळू वाकायला लागतील. शेठजींचा फाफडा हातातच राहिला. "इलाज? अरे, कोणे कह्युं इलाज करवानुं?"

इकडे मोहनराव पेढे घेऊन आले. "धन्या, पणजोबांनी गोरा अडवला, तू जपान वाकवलास!" शलाकाचं लग्न तर तिथल्या तिथे जमलं. सर्टिफिकेटचं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

आता गोष्ट इथे थांबायला हवी होती. पण गोळ्या गुणकारी निघाल्या हो! व्यायाम केला, सूज उतरली, तीन महिन्यांत धनाजीराव खाली पडलेला रुपया उचलायला लागले. मान वळायला लागली. आणि दिवसभर फाटकावर? दिवसभर फाटकावर पूर्वीसारखं काठी होऊन उभं राहायचं, मागून कुणी हाक मारली तर अख्खं अंग वळवायचं! पूर्वी जे आपोआप व्हायचं ते आता मुद्दाम करायचं, आठ तास, जेवणाची सुटी सोडून. एखादी मांजर पायात आली तरी खाली बघायचं नाही, वरून शेठजी खिडकीतून बघतायत!

आणि पुन्हा दुखायला लागलं. तिथेच. धावले बेनकडे. "बेन, फौज परत फिरली!"

बेननी रक्त तपासलं, कणा चाचपला, हातपाय वर-खाली करून घेतले. "नाही काका. तुमचं लष्कर छावणीत शांत झोपलंय. हे साधं दुखणं आहे. तुम्ही दिवसभर आखडून उभे राहता ना, त्याचं. दर तासाला वाका, वळा, हात वर करा."

"फाटकावर वाकलो तर डभोई."

"मग घरी वाका."

हे वाक्य इंदिराबाईंनी ऐकलं. शेजारीच बसल्या होत्या. व्यायामाचा कागद मागून घेतला आणि पर्समध्ये घातला.

तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, तरसालीच्या त्या घरात पलंगाखालचा केर धनाजीराव काढतात, कारण त्यात कणा पुढे वाकतो. जळमटं धनाजीराव काढतात, कारण त्यात खांदे वर जातात. धुणं पिळताना कंबर दोन्ही बाजूंना छान वळते म्हणे. इंदिराबाई खुर्चीत बसून कागद वाचतात, "अजून थोडं खाली, अहो, कोपऱ्यात पोचू दे. श्वास सोडा." मगनकाका खिडकीतून बघून जातात. परवा मोहनराव आले, जपान वाकवणाऱ्या भावाला फरशीवर ओणवा, हातात पोतेरं, असा बघून हबकलेच! म्हणाले, "धन्या! अरे, घराण्याचा माणूस तू! जरा ताठ उभा राहा की रे!"

धनाजीरावांनी पोतेरं बादलीत बुडवलं, पिळलं, आणि खालूनच म्हणाले, "मोहन, ताठ उभं राहायचा मला पगार मिळतो. घरी फुकट कोण उभं राहील? पाय उचल."